मिस्रला जाताय? निघण्याआधी एवढं वाचा

उमराहला जाणारी काही कुटुंबं आता त्याच सफरीत मिस्र, म्हणजे इजिप्तही जोडून घेतात. वर्षानुवर्षं साठवलेले पैसे आणि सोबत अम्मी-अब्बा, त्यामुळे लहानशी चूकही महागात पडते. आम्ही नाशिकहून जाऊन आलो, तेव्हा जे कळलं ते सांगतो.

व्हिसा : ‘तिथे उतरल्यावर मिळेल’ या भरवशावर निघू नका. इजिप्तचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. चालू नियम तिथूनच विचारा. परतीचं विमान जिद्दाहून असेल, तर सौदी व्हिसावर दुसऱ्यांदा प्रवेश मिळतो का, हे टूरवाल्याकडून लेखी घ्या.

औषधं : हे सगळ्यात महत्त्वाचं. दुखण्यावर आपल्याकडे दिलं जाणारं ट्रॅमाडॉल तिथे अमली पदार्थांसारखं धरतात. २०१७ मध्ये या गोळ्या नेल्याबद्दल एका ब्रिटिश महिलेला तीन वर्षांची कैद झाली. अब्बांच्या गोळ्यांमध्ये ते आहे का, डॉक्टरांना विचारा. बाकीची औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसह न्या. दुसऱ्याचं पार्सल अजिबात घेऊ नका. ड्रोनलाही मनाई आहे.

आकडे : भाव बहुतेक अरबी आकड्यांत असतात. अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. आमच्या मुलाने दीडशेचा भाव दहा वाचला आणि दुकानात हसं झालं! उर्दू येणाऱ्यांनीही चार आणि सहा नीट पाहावेत, ते वेगळे लिहितात.

बोली : काहिरात ‘ज’चा ‘ग’ होतो. जमील म्हणजे ‘गमील’, जुमा म्हणजे ‘गुमआ’. कुरआनची अरबी येत असली तरी पहिले दोन दिवस कान गोंधळतात.

पैसे : ‘बख्शीश’ हा शब्द दिवसभर ऐकू येतो. सुटे पाउंड वेगळ्या खिशात ठेवा. खान अल-खलिली बाजारात घासाघीस करा. टॅक्सीचं भाडं बसण्याआधीच ठरवा.

खाणं : बाकल्याचं फूल, तअमिया आणि भात-मसूर-मॅकरोनीची कोशरी स्वस्त, पोटभर मिळते. तिखट कमी असतं, चटणी सोबत घ्या. पाणी बाटलीचंच प्या.

नमाज : असरची अजान आपल्या हनफी वेळेआधी होते. कसरबद्दल निघण्यापूर्वीच इमामसाहेबांना विचारा. अल-अजहर, इब्न तुलून मशीद (सन ८७९) आणि इमाम शाफईंची मजार एका दिवसात उरकू नका. म्हाताऱ्या माणसांचे पाय थकतात.

वेळ आणि मदत : मिस्र आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे, एप्रिलअखेर ते ऑक्टोबरअखेर अडीच तास. ॲम्ब्युलन्स १२३, पोलीस १२२, पर्यटक पोलीस १२६. हे नंबर आणि काहिरातल्या भारतीय दूतावासाचा पत्ता कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा, अम्मींच्या पर्समध्येसुद्धा. मोबाईल बंद पडला तर तोच कागद कामी येईल.