सुकाणू धरणारा तिसरा हात

परतूरच्या शिवारात नांगर धरणारा गडी तुम्ही पाहिलाच असेल. त्याचा हात सारखा रुमण्यावर असतो. क्षणभर लक्ष उडाले, की तास वाकडे गेलेच! शिडाच्या लहान होडीचेही असेच आहे. फरक एवढाच, की गडी बांधावर जाऊन विसावतो. महासागरात एकट्याने निघालेल्या खलाशाला बांध नाही. मग तो झोपणार केव्हा?

हा प्रश्न सोडविण्याची पाळी मुंबईत बांधलेल्या एका होडीवर आली होती. तिचे नाव ‘सुहेली’, लांबी ३२ फूट, लाकूड सागाचे. १४ जून १९६८ रोजी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा २९ वर्षांचा इंग्रज खलाशी तिच्यातून इंग्लंडच्या फालमथ बंदरातून एकटाच पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. वाटेत कोठेही थांबायचे नव्हते. सुकाणू धरायला त्याने वाऱ्यावर चालणारे एक यंत्र होडीला बसविले होते. त्याची हकीकत पुढे येईलच; आधी सुकाणू समजून घेऊ.

होडीच्या मागे पाण्यात उभी फळी असते, ते सुकाणू. लहान होडीत त्याच्या माथ्याला सरळ एक दांडा जोडलेला असतो. दांडा उजवीकडे लोटला, की फळी डावीकडे वळते आणि होडीही डावीकडे जाते. दांडा ही साधी तरफच आहे.

आता हा दांडा माणसाऐवजी यंत्राने हलवायचा आहे. विजेच्या ऑटोपायलटमध्ये होकायंत्र होडीची दिशा सांगते. ठरलेल्या दिशेपासून ती ढळली, की मोटर एक दट्ट्या पुढेमागे सरकवून दांडा लोटते. पण किती लोटायचा? नवशिका सायकलस्वार हँडल गरजेपेक्षा जास्त वळवतो आणि नागमोडी जातो ना, तशीच गत होडीची होते. म्हणून चांगले यंत्र नुसती चूक किती आहे तेवढेच पाहत नाही. होडी किती वेगाने वळते आहे तेही पाहते आणि वेळेवर हात आवरते. मागून लाटा येत असताना याची खरी कसोटी लागते.

यंत्र घेताना त्याची ताकद कशी ठरवायची? विक्रेते होडीचे वजन विचारतात. पुष्कळदा रिकाम्या होडीचे वजन सांगितले जाते. पाणी, धान्य, नांगर, दोर भरल्यावर ते बरेच वाढते! माझ्या मते तुमच्या प्रयोगशाळेतला तानकाटा अधिक खरे बोलेल. सोसाट्याच्या वाऱ्यात दांड्याला तानकाटा लावून ओढून पाहावे. समजा, सुकाणूच्या आसापासून १ मीटरवर १२ किलोग्रॅम-भार लागला. यंत्राचा दट्ट्या मात्र आसापासून ४५ सेंटिमीटरवर जोडायचा आहे. तर १२ × १०० ÷ ४५, म्हणजे जवळजवळ २७ किलोग्रॅम-भार हवा. नेमका तेवढ्याच ताकदीचा दट्ट्या घेतला, तर वादळात तो हमखास दगा देईल. म्हणून दुप्पट ताकदीचा घ्यावा.

पुढचा प्रश्न विजेचा. यंत्र सरासरी २ अँपिअर घेत असेल, तर २४ तासांत ४८ अँपिअर-तास खर्च होतात. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी टिकवायची, तर निम्म्याहून अधिक रिकामी करू नये. म्हणजे एका दिवसात खेळ खलास! किनाऱ्याकिनाऱ्याने चार तास जायचे असेल तर हे चालते. महिनोन्‌महिन्यांच्या सफरीला सौरपट्ट्या तरी हव्यात, नाहीतर दुसरी युक्ती.

ती युक्ती म्हणजे वाऱ्याचा पंखा. हा घराच्या पंख्यासारखा फिरत नाही. तो एक हलके पाते असतो. होडी वाऱ्याशी धरलेला कोन सोडू लागली, की पाते कलते. पण पात्याचा जोर तो केवढा! म्हणून ते फक्त पाण्यातले एक वल्हे किंचित पिळते. धावत्या पाण्याचा मारा त्या वल्ह्याला बाजूला ढकलतो आणि त्याला बांधलेल्या दोऱ्या दांडा ओढतात. होडीचा वेग दुप्पट झाला, तर हा जोर सुमारे चौपट होतो. वादळात ताकद आपोआप वाढते, तीही विजेशिवाय. मात्र वारा फिरला की होडीही फिरते, खलाशाला पत्ता लागत नाही. आणि वारा पडला, की पाते मुकाट! काही खलाशी अशा वेळी पात्याच्या जागी छोटा विजेचा दट्ट्या जोडतात. तो वल्हे पिळतो, श्रम पाणी करते. वीज थोडी पुरते.

आता ‘सुहेली’कडे वळू. नॉक्स-जॉन्स्टनने आपल्या यंत्राला ‘ॲडमिरल’ असे नाव ठेवले होते. ऑस्ट्रेलियाजवळ हे ॲडमिरल कायमचे मोडले. अजून अर्धी पृथ्वी बाकी होती! त्याने शिडे अशी ताणली, की वाऱ्याचा पुढचा व मागचा जोर एकमेकांना तोलून धरील. मग दांडा बांधून ठेवला, तरी होडी बराच वेळ वाट धरून राही. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, तो फालमथला परतला. शर्यतीत नऊ जण उतरले होते; पुरा झाला तो एकटाच.

तेव्हा यंत्र विकत घेण्याआधी शिडे नीट लावून दांडा सोडून पाहावा. होडी लगेच गर्रकन वळली, तर दोष शिडांच्या मांडणीत आहे. तिथे मोठे यंत्र बसविले, तर ते रात्रंदिवस विनाकारण झगडेल आणि लवकर झिजेल.

एक गोष्ट दोन्ही प्रकारच्या यंत्रांना कळत नाही. मालक पाण्यात पडला, तरी ती होडी इमानाने पुढेच नेत राहतात. म्हणून एकटा खलाशी डेकवर येण्याआधी कमरेचा पट्टा दोराने होडीला अडकवतो.