रात्री घरात चोर शिरला तर कायदा कुठवर आपल्या बाजूने?

दिवाळीच्या आगेमागे वाशीम जिल्ह्यातल्या कितीतरी शेतकरी घरांत समोरच्या खोलीत सोयाबीनचे कट्टे रचलेले असतात. कोणी भाव वाढायची वाट पाहत असतं, कोणाकडे माल विकून नुकतेच पैसे आलेले असतात. अंगणात मोटार, पाइप, केबल पडलेली असते. या दिवसांत कुत्रं रात्री जरा जास्त भुंकलं, की माणूस अंथरुणातूनच उशाची काठी चाचपतो. त्या काठीने आपण काय करू शकतो आणि कुठे थांबायचं, हे एकेक टप्पा घेऊन पाहू.

आधी कायद्याचं नाव. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये 'खासगी बचावाचा हक्क' आहे. पोलीस येईपर्यंत आपला जीव आणि माल आपणच राखण्याचा हा हक्क. जुन्या संहितेत हीच कलमं ९६ ते १०६ होती आणि मजकूर जवळपास तोच आहे, म्हणून जुने निकाल आजही उपयोगी पडतात. हा हक्क फक्त स्वतःपुरता नाही. शेजाऱ्याच्या जिवासाठी, त्याच्या मालासाठी धावून जाणाऱ्यालाही तो आहे.

या हक्काची मर्यादा कलम ३७ मध्ये आहे. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्क नाही. आणि बचावासाठी जेवढी गरज आहे, त्याहून जास्त इजा करता येत नाही. पुढचं सगळं या दोन वाक्यांभोवती फिरतं.

पहिला टप्पा चोर यायच्या आधीचा, आणि इथेच मोठी चूक होते. रानडुकरांच्या त्रासाने काही जण शेताच्या कुंपणात थेट लाइनचा करंट सोडतात. तीच युक्ती कोणी घराच्या मागच्या दाराला किंवा गोठ्याला करतो, 'चोर चिकटेल' म्हणून. असं कधीही करू नका. बिहारमधल्या एका खटल्यात शेजारणीने आपला संडास वापरू नये म्हणून एका माणसाने वाटेत उघडी विजेची तार लावली होती. ती बाई त्या तारेला लागून मेली. आमच्या जागेत शिरणाऱ्यांना रोखायचा आम्हाला हक्क होता, हे त्याचं म्हणणं सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फेटाळलं आणि शिक्षा कायम ठेवली. आपल्या जागेत विनापरवानगी शिरला म्हणून माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही. शिवाय तारेला चोर आणि पहाटे दूध काढायला उठलेली आपलीच आई यातला फरक कळत नाही.

देशी कट्टा घरात ठेवणं हीसुद्धा अशीच आगाऊ ओढवून घेतलेली अडचण. बचाव पूर्ण खरा ठरला, तरी विनापरवाना हत्याराचा गुन्हा वेगळा उरतोच. काठी, कुऱ्हाड, विळा या शेतकऱ्याच्या घरात असणाऱ्याच वस्तू आहेत. त्या घरात होत्या, एवढ्यावरून आपण मारायची तयारी करून बसलो होतो असं कोणी म्हणू शकत नाही.

आता समजा, रात्रीचे दोन वाजलेत आणि मागच्या दाराशी खडखड झाली. आधी दिवा लावा आणि मोठ्याने आवाज द्या, "कोन हाय रे तिकडं?" घरातल्यांना उठवा. कोणीतरी ११२ लावावा, दुसऱ्याने पोलीस पाटलांना आणि शेजाऱ्याला फोन करावा. बहुतेक चोर आवाजानेच पळतात. न पळाला, तर आपण मदत मागितली होती याची नोंद फोनमध्ये राहते, आणि पुढे ती फार कामाला येते.

'पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हक्क नाही' याचा अर्थ दार तुटत असताना तालुक्याच्या ठाण्यापर्यंत धावत जा, असा नाही. स्वतःच्या घरातून पळून जाण्याची सक्ती कायदा करत नाही. पण 'उद्या रात्री येऊन बघतो' अशी धमकी कोणी आज दुपारी दिली असेल, तर वेळ आहे. तेव्हा दहा जण गोळा करून दबा धरून बसण्याऐवजी ठाण्यात लेखी तक्रार द्यायची आणि पोच घ्यायची.

आवाज देण्याचं आणखी एक कारण आहे. ज्याला आपण चोर समजतो, तो पुण्याहून रात्रीच्या गाडीने न कळवता आलेला पुतण्याही असू शकतो, किंवा दारूच्या नशेत घर चुकलेला गल्लीतला माणूस. कायद्याने कलम ३६ खाली असंच उदाहरण दिलं आहे. घरात यायचा हक्क असलेला माणूस रात्री येतो आणि दुसरा त्याला खरोखरच घरफोड्या समजून त्याच्यावर धावून जातो. प्रामाणिक गैरसमज असल्याने धावून जाणाऱ्याचा गुन्हा होत नाही. पण आत आलेल्यालाही स्वतःच्या बचावाचा तितकाच हक्क आहे. म्हणजे एकाच अंगणात दोन निरपराध माणसं एकमेकांवर काठी उगारू शकतात, आणि कायदा दोघांच्याही बाजूने असतो. हे टाळायला एक हाक पुरते.

यापुढचा प्रश्न पुष्कळांच्या ध्यानीमनी नसतो. चोर आत आला कसा? सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी घरफोडी झाली, तर कलम ४१ खाली मालाच्या रक्षणाचा हक्क वेळ पडल्यास चोराचा जीव जाईपर्यंत पोचतो. पण 'घरफोडी' या शब्दाला कायद्यात ठरलेला अर्थ आहे. भिंतीला भोक पाडून, भिंत चढून, कौलं काढून, कुलूप उघडून, आतली कडी सरकवून किंवा दारातल्या माणसाला मारून अथवा धमकावून शिरणं म्हणजे घरफोडी.

आता आपल्याकडचा उन्हाळा आठवा. एप्रिल-मे महिन्यात अर्धं गाव अंगणात आणि गच्चीवर झोपतं, दार सताड उघडं. त्या उघड्या दारातून कोणी गुपचूप आत गेला आणि कपाटाकडे वळला, तर ते घरातलं अतिक्रमण आहे, चोरीही आहे, पण या अर्थाने घरफोडी नाही. त्याला हटकता येतं, धरता येतं, दोन फटके देऊन रोखता येतं. जिवावर बेतेल इतकं मारण्याचा हक्क मात्र तेव्हाच, जेव्हा आपण रोखलं नाही तर कोणीतरी मरेल किंवा त्याला जबर दुखापत होईल अशी रास्त भीती असते. जबर दुखापत म्हणजे हाड मोडणं, डोळा किंवा कान जाणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, अशा प्रकारची इजा. दिवसाढवळ्या कुलूप तोडून शिरलेल्या चोरालाही हाच नियम आहे.

घरफोडी असो वा नसो, जिवाच्या रक्षणाचा हक्क वेगळा आणि जास्त मजबूत आहे. आत आलेल्याच्या हातात सुरा आहे, तो अंगावर येतोय, बाईवर अत्याचाराचा प्रयत्न होतोय, मुलाला उचलून नेतोय, ॲसिड फेकायला निघालाय, तर कलम ३८ प्रमाणे समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही. पहिला वार आपल्यावर होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. धोक्याची रास्त भीती निर्माण झाली, की हक्क सुरू होतो.

इथे जुना एक निकाल सांगतो, कारण त्याचं आपल्या भागाशी नातं आहे. ५ मार्च १९५० रोजी कटनीत दंगल उसळली. कटनी तेव्हा ज्या मध्य प्रदेशात होतं, त्याची राजधानी नागपूर होती आणि आपला वऱ्हाडही त्यातच होता. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. जमावाने अमजद खान यांच्या इमारतीचा एक भाग फोडून लुटला. घरातली बायका-मुलं जीव मुठीत धरून त्यांच्याकडे धावत आली, आणि त्यांच्या दारावर लाठ्या पडू लागल्या. त्यांनी बंदूक चालवली, त्यात एक जण मेला आणि काही जखमी झाले. त्यांना शिक्षा झाली. १९५२ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, जे आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते.

अमजद खान सुटले. दार तुटून जमाव आत येईपर्यंत वाट पाहायला ते बांधील नव्हते, असं न्यायालयाने म्हटलं. अशा घडीला किती बळ वापरलं, ते सोनाराच्या काट्यावर तोलायचं नसतं, हेही त्या निकालाचं सार आहे. घाबरलेल्या माणसाचा फटका मोजूनमापून पडत नाही, हे न्यायालयाला कळतं. आपल्या हातून एखादा फटका जोरात बसला, म्हणून लगेच सगळं संपलं असं समजू नका.

पण आता तो टप्पा येतो, जिथे चांगली माणसं तुरुंगात जातात. चोर वळला. त्याने हातातली पहार टाकली, किंवा भिंतीवरून उडी मारून पळत सुटला, किंवा दुसऱ्या फटक्याला खाली कोसळला. त्या क्षणी धोका संपतो, आणि धोक्याबरोबर हक्कही संपतो. कोसळलेल्या माणसाला मारलेला तिसरा, चौथा, पाचवा फटका बचाव नसतो. शवविच्छेदनाच्या अहवालात हे स्पष्ट वाचता येतं: जखमा किती, त्या समोर की पाठीवर, डोक्याच्या मागे की कपाळावर. पळणाऱ्यांवर गोळी झाडणाऱ्याचा बचाव १९६२ साली पंजाबच्या जयदेव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कारणाने मानला नाही.

माल घेऊन पळत असेल, तर पाठलाग करता येतो. चोर माल घेऊन निसटेपर्यंत, माल परत मिळेपर्यंत किंवा पोलीस येईपर्यंत मालाच्या रक्षणाचा हक्क चालू राहतो. त्याला आडवं पाडून पिशवी हिसकावून घ्या. त्याने पिशवी टाकून दिली, की ती उचला आणि परत फिरा. रागाने पुढे धावत जाऊन घातलेली कुऱ्हाड हा नवा गुन्हा आहे, आणि त्यात आरोपी आपण.

चोर हाती लागला तर? अटक आणि तपासाची रीत सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे, आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूसही पकडू शकतो. दखलपात्र म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा. घरातली चोरी त्यात बसते. मात्र विनाकारण उशीर न करता, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. पळू नये म्हणून हात बांधून बसवा, पाणी द्या, जखम असेल तर कापड बांधा.

खांबाला बांधून गावाने हात साफ करायचा, हे मात्र गावात सर्रास होतं, आणि ते बघून माझा जीव तुटतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजारात आलेल्या पाच भिक्षेकऱ्यांना लोकांनी मुलं पळवणारी टोळी समजून पकडलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारता मारता त्यांचे जीव घेतले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, पोट भरायला गावोगाव फिरणारे लोक होते. त्यांनी कोणाचंही मूल पळवलं नव्हतं. आपल्याकडेही चोरीची बातमी आली की संशयाचं बोट आधी पारध्यांच्या बेड्याकडे आणि पालांवर उतरलेल्या फिरस्त्यांकडे वळतं. इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी ती सवय गेलेली नाही. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून कोणाचा खून केला, तर न्याय संहितेच्या कलम १०३ खाली त्यांतल्या प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते. 'मी फक्त एकच चापट मारली' हे म्हणणं तिथे टिकणं कठीण आहे.

आता सकाळ. अंगणात रक्त आहे, दार मोडलेलं आहे. बायामाणसांना वाटतं सडा टाकून सगळं धुऊन काढावं. धुऊ नका. मोडलेली कडी, भिंतीवरचे पायाचे ठसे, चोराची पहार, आपली काठी, सगळं जिथल्या तिथे राहू द्या. आपल्या बाजूचा सगळ्यात खरा साक्षीदार तोच आहे. घरी कॅमेरा असेल तर त्याचं रेकॉर्डिंग पुसलं जाणार नाही याची काळजी घ्या.

चोर जखमी असेल तर आधी दवाखाना. मग ठाण्यात जाऊन आपण स्वतः फिर्याद द्या, त्याच्या माणसांची फिर्याद यायची वाट पाहू नका. आपल्याला लागलं असेल, साधं खरचटलं असलं तरी, सरकारी दवाखान्यात तपासून नोंद करून घ्या. पाठीवरचा वळ चार दिवसांत जातो, मग तो होता हे सिद्ध करणं अवघड होतं.

आणि खोटं बोलू नका. भीतीपोटी पुष्कळ जण सांगतात, 'मी मारलंच नाही, तो अंधारात पडला.' पुढे काठीवरचं रक्त जुळतं आणि मग बचावाचा मुद्दा मांडायला तोंड राहत नाही. मारलं, का मारलं, तो काय करत होता, हे पहिल्याच जबाबात जसं घडलं तसं सांगा.

माणूस मेला असेल, तर पोलीस आपल्यावर खुनाचा गुन्हा नोंदवतील, अटकही होऊ शकते. त्यामुळे हातपाय गाळू नका, तो निकाल नसतो. अटकेपासून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. बचावाचा हक्क वापरला हे दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर असते, पण ते निःसंशय सिद्ध करावं लागत नाही. आपलं म्हणणं जास्त संभवनीय वाटलं, तरी पुरतं. हक्काची मर्यादा ओलांडली गेली, पण मनात दुष्ट हेतू किंवा आधीचा बेत नव्हता, असं ठरलं, तर तो खून न राहता सदोष मनुष्यवध होतो. शिक्षा तिथेही दहा वर्षांपर्यंत, आणि ठार मारण्याचा हेतू दिसला तर जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

घटनास्थळाचा पंचनामा होताना शक्य असेल तर हजर राहा. मोडलेली कडी आणि ती आतल्या बाजूने लावलेली होती ही गोष्ट त्यात लिहून घ्यायला सांगा. दिवा कुठे होता, चोराची पहार कुठे पडली, तेही. काठी पंचांसमोर सीलबंद होऊ द्या. मग तो कागद पूर्ण वाचून घ्या, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, आणि त्यानंतरच सही करा.