‘रेसचा घोडा’ स्वस्तात मिळतोय म्हणे! व्यवहार करण्याआधी हे समजून घ्या

मार्गशीर्ष आला की हिंगोली, परभणी, नांदेडकडच्या लोकांच्या मोबाईलवर घोडेच घोडे दिसायला लागतात. कारण माळेगावची जत्रा. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात खंडोबाच्या नावानं भरणारी ही जत्रा घोड्यांच्या बाजारासाठी लांबलांबपर्यंत प्रसिद्ध आहे. त्यातच एखादी रील दिसते. चमकदार अंगाचा उंच घोडा आणि खाली ओळ, ‘ओरिजिनल रेसचा घोडा, अर्जंट विकणे आहे.’

किंमत ऐकून वाटतं, एवढ्यात तर बैलजोडीही येत नाही. मग घोडा इतका स्वस्त का?

हिंगोलीला घोडा नवा नाही

हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला, परभणीतून वेगळा होऊन. पण हिंगोली गाव त्याच्या कितीतरी आधीपासून लष्करी छावणी होतं. निजामाच्या राज्यातल्या ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेचा तळ इथं होता. या फौजेच्या घोडदळात शिलेदार पद्धत होती, म्हणजे स्वार स्वतःचा घोडा घेऊन नोकरीला यायचा. मराठ्यांच्या फौजेतही तेच होतं. स्वतःचा घोडा असेल तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसेल तो बारगीर. घोडा मेला तर शिलेदाराचं नुकसान मोठं, म्हणून तो घोड्याला पोटच्या पोरासारखा जपायचा.

ते घोडे दख्खनी आणि भीमथडी तट्टांसारखे होते. अंगानं लहान, काटक, कडब्यावर निभावणारे. रेसचा घोडा हे त्याच्या अगदी उलट प्रकरण आहे.

रेसचा घोडा म्हणजे नेमका कोणता?

मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर पळतो तो ‘थरोब्रेड’. ही जात इंग्लंडमध्ये तयार झाली. जगातल्या सगळ्या थरोब्रेड घोड्यांचं बापाकडचं मूळ तीनच वळूंपर्यंत जातं. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन ही त्यांची नावं. त्यांची वंशावळीची वही १७९१ पासून ठेवली जाते. भारतातही अशी नोंदवही आहे आणि तिचं काम पुण्यातून चालतं.

शिंगराचे आईबाप या वहीत नसतील, तर ते वाऱ्यासारखं पळालं तरी टर्फ क्लबच्या शर्यतीत उतरू शकत नाही. कृत्रिम रेतनही इथं चालत नाही, वळू आणि घोडी प्रत्यक्षच भरवावी लागतात. घोडी ११ महिने गाभण राहते आणि बहुतेक वेळा एकच शिंगरू देते. म्हणून चांगल्या वंशाचं शिंगरू महाग असतं.

थोडक्यात, मारवाडी किंवा काठियावाडी घोडा कितीही देखणा असला तरी तो ‘रेसचा’ नसतो. आणि देवमण, पंचकल्याण, भोवरे यावरून बाजारात भाव ठरतो, पण त्याचा पळण्याशी किंवा तब्येतीशी काही संबंध नाही.

मग हा घोडा विकायला का येतो?

थरोब्रेड दोन वर्षांचा झाला की पळायला लागतो. सहा-आठ वर्षांचा होईपर्यंत बहुतेकांची शर्यत संपते. काहींचा पाय त्याआधीच जातो. पण नीट सांभाळला तर घोडा २५ वर्षं जगतो. म्हणजे कमाईची वर्षं चार-पाच आणि खाण्याची वर्षं वीस! हा हिशेब मालकाला परवडत नाही. नशीबवान घोडे पैदाशीला किंवा रायडिंग स्कूलला जातात. बाकीचे हातोहात विकले जातात आणि प्रत्येक हाताला किंमत उतरत जाते. रीलमधली स्वस्ताई इथून येते.

याच गोष्टीतून एक मोठं कामही उभं राहिलं. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाचा स्टड फार्म होता. तिथले निवृत्त घोडे हाफकिन संस्थेला दिले जायचे, कारण घोड्याच्या रक्तातून लस आणि सीरम बनवतात. हे काम आपणच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. आजही नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावरची लस घोड्याच्या रक्तातूनच तयार होते. सोयाबीनच्या रानात कुणाला साप चावला तर दवाखान्यातली ती बाटली घोड्याचीच देणगी असते.

घरी आणला तर दिवस कसा जातो?

पहाटे लीद काढण्यापासून सुरुवात. एक घोडा दिवसाला १५ ते २० किलो लीद टाकतो. मग खरारा, खूर साफ करणं, फेरफटका. साडेचारशे किलोच्या घोड्याला रोज सात ते नऊ किलो सुका चारा-दाणा लागतो आणि पाणी २५ ते ४० लिटर. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त.

चंदी एकदम द्यायची नाही, दोन-तीन वेळा थोडी थोडी. घोड्याचं पोट लहान असतं आणि त्याला उलटी करता येत नाही. जास्त दाणा किंवा बुरशी लागलेला कडबा पोटात गेला की पोटशूळ उठतो आणि काही तासांत घोडा जातो. बैलाच्या अंदाजानं घोडा पाळणाऱ्यांचं नुकसान बहुधा इथंच होतं. शिवाय दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद हवा आणि घोड्याची जाण असलेला डॉक्टर हाकेच्या अंतरावर हवा.

आणखी एक. रेसच्या घोड्याला आवाज झाला की सुटायचं शिकवलेलं असतं. वरातीतल्या डीजेसमोर नवरदेवासकट तो उधळला तर?

घ्यायचाच असेल तर काय बघाल?

पासपोर्ट मागा आणि मानेतल्या मायक्रोचिपचा नंबर त्याच्याशी जुळवा. कागद नसेल तर ‘रेसचा’ या शब्दाचे पैसे देऊ नका.

दात बघून वय काढायला जाणकार सोबत न्या. पाच वर्षांत घोड्याचे दुधाचे दात पडून पक्के आलेले असतात.

कडक जमिनीवर दुडका पळवून बघा. लंगडत असेल तर मान वरखाली होते.

ग्लँडर्सची तपासणी झाल्याचा दाखला घ्या. हा रोग माणसालाही होतो. घोड्यात सापडला तर कायद्यानं त्याला मारावं लागतं.

आणि शेवटचा हिशेब. घोड्याची किंमत एकदाच द्यायची असते, चंदी मात्र पुढची वीस वर्षं रोज घालायची असते. ती घालायची ऐपत आणि वेळ असेल, तरच लगामाला हात घाला.