सिएर्पिन्स्कीच्या त्रिकोणावर साधनांची पारख

वाट्सवाफ सिएर्पिन्स्की या पोलिश गणितज्ञाने १९१५ मध्ये मांडलेला त्रिकोण शाळकरी मुलालाही काढता येतो. बाजूंचे मध्यबिंदू जोडायचे, मधला त्रिकोण रिकामा सोडायचा आणि उरलेल्या तिन्हींवर तेच पुन्हा करायचे. २००७ साली जर्मनीत कासेल इथे भरलेल्या ॲग्टिव्ह परिषदेत ग्राफ-रूपांतराच्या साधनांची, म्हणजे सॉफ्टवेअरची, तुलना याच त्रिकोणावर झाली.

ग्राफ म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा. रूपांतराचा नियम सांगतो, की अमुक आकार सापडला तर त्याच्या जागी तमुक आकार बसव. या कल्पनेला हार्टमुट एरिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये बीजगणिताचा पाया दिला. आपला नियम तर एकच: एका त्रिकोणाचे तीन कर.

खरी गोम इथेच आहे. पहिल्या फेरीनंतर मधली पोकळीही तीन कडांनीच वेढलेली असते, त्यामुळे साधनाच्या लेखी तोही त्रिकोणच! कडांना 'डावी', 'उजवी', 'तळाची' अशी नुसती नावे देऊन भागत नाही, नुसत्या दिशा देऊनही नाही. दोन्ही दिल्यावरच फरक उमटतो. खऱ्या त्रिकोणात डावी आणि उजवी कड एकाच बिंदूतून निघतात, पोकळीत मात्र त्या एकाच बिंदूला येऊन मिळतात. इतका साधा नियमही किती जपून लिहावा लागतो, हे मला या कसोटीचे सर्वांत मोलाचे देणे वाटते.

दुसरी अडचण पिढ्यांची. नुकताच जन्मलेला त्रिकोण त्याच फेरीत पुन्हा फोडला जाता कामा नये. कार्ल्सरुहेचे जीआरजेन डॉट नेट हे साधन आधी सगळ्या जुळण्या गोळा करते आणि मग एकदम बदल करते. ट्वेंटे विद्यापीठाच्या ग्रूव्हमध्ये 'प्रत्येकासाठी' असा नियम लिहिता येतो. बर्लिनच्या एजीजीत नियमांचे थर लावता येतात. नियम चित्ररूपात काढून लगेच चालवून पाहायचा, तर शिकणाऱ्याने एजीजी किंवा ग्रूव्हच घ्यावे. वेग हवा असेल तर नियमांपासून सी-शार्प कोड तयार करणारे जीआरजेन.

दर पिढीला कडा तिप्पट होतात. दहाव्या पिढीत १,७७,१४७ कडा आणि ८८,५७५ बिंदू, तर पंधराव्या पिढीत कडाच ४ कोटी ३० लाखांवर. साहजिकच मोठी साधनेही शेवटी मेमरीपाशी अडतात.

पण शोधाचा कस इथे लागतच नाही. मोठ्या ग्राफमध्ये दिलेला आकार शोधणे सर्वसाधारणपणे फार अवघड; तो प्रश्न एनपी-कम्प्लीट असल्याचे स्टीफन कुक यांनी १९७१ मध्येच दाखवले. इथे मात्र कोणत्याही बिंदूला चारापेक्षा जास्त कडा नसतात, त्यामुळे त्रिकोण चटकन सापडतो. म्हणून साधन निवडणाऱ्याने या त्रिकोणाचे आकडे मेमरीपुरतेच धरावेत, आणि स्वतःच्या कामातला एखादा गुंतागुंतीचा आकार शोधायला लावून मगच कौल द्यावा.