गर्भवाढीचे पूर्वज्ञान आणि वैद्याची पहिली नोंद

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात गर्भाची वाढ खुंटण्याच्या दोन अवस्था वर्णिल्या आहेत. उष्ण-तीक्ष्ण आहाराने रक्तस्राव होऊन गर्भ वाढत नाही, तो उपविष्टक. व्रतोपवास, रूक्ष आहार आणि स्नेहद्वेष यांमुळे वात कुपित होऊन गर्भ शुष्क होतो, तो नागोदर. आधुनिक शास्त्रातील गर्भवाढरोध म्हणजे तंतोतंत हेच, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु गर्भाचे पोषण मातेकडून होते आणि त्यात खंड पडला की गर्भ वाळतो, हे सूत्र दोहोंत समान आहे. ही वाढ खुंटणार, हे आधी ओळखता येते काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

रक्तातील खुणा

वाढरोधाचे मूळ बहुधा वारेत असते. वारेच्या पेशींनी गर्भाशयातील सर्पिल धमन्या पुरेशा रुंद केल्या नाहीत, तर गर्भाकडे जाणारा रक्तपुरवठा तोकडा पडतो. वारेत तयार होणारे ‘पॅप-ए’ हे प्रथिन ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान मातेच्या रक्तात मोजतात. ते फार कमी असणे ही धोक्याची खूण मानली जाते. ‘पीएलजीएफ’ हा वारेतील रक्तवाहिन्यांच्या वाढीस पोषक घटक असून वार दुबळी असता त्याचे प्रमाण घटते. मात्र यांपैकी कोणतीही एकटी तपासणी निर्णायक नाही. प्रमाण कमी असूनही अनेक बालके सुदृढ जन्मतात, तर प्रमाण योग्य असताही काही खुरटतात. म्हणून मातेचा पूर्वेतिहास, रक्तदाब, रक्ततपासणी व सोनोग्राफी यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

सोनोग्राफी काय सांगते

डॉपलर तपासणीत गर्भाशयाच्या धमनीतील रोध कळतो. पुढील महिन्यांत गर्भाच्या पोटाचा घेर व अंदाजित वजन मोजतात. नाळेच्या धमनीत हृदयाच्या दोन ठोक्यांमधील प्रवाह नाहीसा वा उलटा झाला, तर ती तातडीची अवस्था होय.

या साऱ्या मोजमापांचा पाया एकच आहे : गर्भाचे नेमके वय. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाच्या लांबीवरून वय विश्वासार्हपणे ठरते. पुढे मात्र वयाने लहान गर्भ आणि वाढ खुंटलेला गर्भ सारखेच दिसू लागतात.

आमच्याकडून राहिलेली तारीख

काही वर्षांपूर्वी माढ्यात आमच्याकडे ऊसतोडीहून परतलेली एक गर्भिणी आली. गर्भाशयाची उंची २४ सेंटिमीटर भरली. सहावा महिना चालू असेल तर ती योग्य होती. सातवा सरत आला असेल तर चिंतेची होती. शेवटच्या पाळीची तारीख तिला आठवेना. उशिरा केलेल्या सोनोग्राफीनेही उलगडा झाला नाही. पुढे मूल पूर्ण दिवसांचे जन्मले; वजन दोन किलोही भरले नाही. सुदैवाने ते जगले. हंगामावर जाण्यापूर्वी, दोन महिने पाळी चुकलेली असताना, हीच स्त्री वांतीवर औषध न्यावयास आमच्याकडेच आली होती. आम्ही औषध दिले. तारीख विचारली नाही, लिहिली नाही. ती एक ओळ लिहिली असती तर वाढ खुंटल्याचे दोन महिने आधी कळले असते.

वेळेचे महत्त्व

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्प्रे’ या बहुदेशीय चाचणीत जोखमीच्या गर्भिणींना ११ ते १४ आठवड्यांपासून रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले गेले. ३७ आठवड्यांपूर्वी प्रसूती करावी लागणाऱ्या पूर्वाक्षेपकाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. केवळ वाढरोधावर मात्र तितका स्पष्ट लाभ दिसला नाही. हे औषध तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच द्यावयाचे. औषधालयातून आपल्या मनाने नव्हे. पण त्याचा निर्णय १६ आठवड्यांपूर्वी व्हावा लागतो, आणि त्या काळात गर्भिणी पुष्कळदा वैद्याकडे किंवा औषधालयातच प्रथम येते.

आहार व मिश्री

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत मातृपोषणाचा अभ्यास केला. तेथील नवजातांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. गर्भारपणी दूध, पालेभाज्या व फळे अधिक घेणाऱ्या मातांची बालके आकाराने मोठी आढळली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील एका अभ्यासात मिश्रीसारखे धूररहित तंबाखूपदार्थ वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. दात घासण्याची मिश्री विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. म्हणून ती आवर्जून विचारावी.

व्यवसायबंधूंना विनंती

पाळी चुकल्याचे कळताच शेवटच्या पाळीची तारीख केसपेपरवर व स्त्रीजवळील कार्डावर लिहावी. तीन महिन्यांच्या आत नोंदणीकृत केंद्रावर सोनोग्राफीसाठी पाठवावे. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचे पालन अर्थातच अनिवार्य आहे. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली मोफत तपासणी होते, ती सांगावी. २४ आठवड्यांनंतर प्रत्येक भेटीत टेपने उंची मोजावी. सेंटिमीटरचा आकडा आठवड्यांच्या आकड्याहून तीनने वा अधिक कमी असेल, किंवा दोन भेटींत वाढलाच नसेल, तर मासानुमासिक परिचर्येवर विसंबून न राहता त्वरित स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. क्षीर-घृतादि बृंहण उपचार त्यासोबत चालू राहू शकतात, तपासणीऐवजी नव्हेत.

महागड्या रक्ततपासण्या प्रत्येक गावी पोहोचतील तेव्हा पोहोचोत. तारीख लिहिणे आजही आपल्या हाती आहे.