थपडेच्या आधीच्या ललिता पवार

शिर्डीहून मनमाडच्या रस्त्याला लागलं की कोपरगाव ओलांडून तीस-पस्तीस किलोमीटरवर येवला लागतं. पैठणीच्या या गावात १८ एप्रिल १९१६ रोजी रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी लक्ष्मणराव शगुण यांच्या घरी अंबा नावाची मुलगी जन्मली. मुलींनी शाळेत जाणं चांगलं मानलं जात नव्हतं, त्यामुळे तिचं रीतसर शिक्षण झालं नाही. कोवळ्या वयातच ती पुण्यात मूकपटांच्या कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि पुढे ललिता पवार म्हणून सगळ्या देशाला ठाऊक झाली. तिच्याबद्दल सांगितली जाणारी गोष्ट मात्र जवळजवळ एकच असते: १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जोरात बसली, डोळा अधू झाला, नायिका संपली आणि खाष्ट सासू जन्माला आली. ही हकीकत खरी आहे, पण तिच्यावरून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे. थपडेने या कारकिर्दीचे दोन तुकडे झाले नाहीत. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं आपण ज्या ललिताबाईंना पाहिलं, त्यांची घडण त्या आधीच्या पंधरा वर्षांतल्या मारधाडपटांत आणि गाण्यांत झाली होती.

त्या पंधरा वर्षांची साक्ष देणारं फार थोडं उरलं आहे. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले बहुतेक नष्ट झाले. पण योगायोगाने ग. प. पवार यांनी दिग्दर्शित केलेला १९३१ सालचा ‘दिलेर जिगर’ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात सुरक्षित आहे. दुष्ट काकाने बळकावलेलं राज्य, लहानपणीच दूर नेलेला राजपुत्र आणि शेवटी हक्काची गादी अशी त्याची कथा नेहमीच्या वळणाची आहे. हा राजपुत्र कसरतीचे खेळ करत हिंडणारा तरुण म्हणून वाढतो आणि त्या खेळांत त्याची जोडीदार असते ती ललिता. ती राजवाड्याच्या सज्जात वाट पाहत बसणारी नायिका नाही. मुखवटा चढवून ती स्वतः शत्रूंशी भिडते. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. याआधी १९२७ मध्येच ‘सुलोचना’ म्हणजे रूबी मायर्सने ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’त वेशांतरांची आणि धाडसाची कमाल केली होती. म्हणजे मूकपटाच्या प्रेक्षकाला लढणारी बाई नवी नव्हती, आणि ‘हंटरवाली’ नादिया १९३५ मध्ये अवतरली तेव्हा तिच्यासाठी जमीन तयार होती. ती तयार करणाऱ्यांत येवल्याची ही मुलगी होती, हे आपण नादियाचं कौतुक करताना विसरतो. नादियाचं श्रेय त्याने तसूभरही कमी होत नाही.

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ मुंबईत झळकला आणि नटीच्या कामात आणखी एक भर पडली, ती गाण्याची. पार्श्वगायनाची सोय अजून आली नव्हती. हिंदीत ती रुळायला सुरुवात झाली १९३५च्या ‘धूप छाँव’पासून. तोवर गाणं चित्रीकरणाच्या वेळीच, माइकच्या टप्प्यात उभं राहून गायचं आणि चेहऱ्यावरचा भावही सांभाळायचा. मूकपटातल्या कित्येक लोकप्रिय तारका या वळणावर मागे पडल्या. ललिता पवार टिकल्या. ‘हिम्मत-ए-मर्दा’ हा १९३५चा बोलपट याच काळातला, आणि त्यातली आपली गाणी त्यांनी स्वतः गायली. इथे थोडं थांबून पाहायला हवं, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. त्या काळच्या एका नटीच्या अंगावर चेहरा, गळा आणि धोका या तिन्हींची जबाबदारी असे. पुढे उद्योग वाढला तशी ही कामं वाटली गेली. गळा पार्श्वगायिकेकडे गेला आणि तिला नाव मिळालं. धोका डुप्लिकेटकडे गेला आणि तिला नाव मिळालं नाही. कित्येकदा तर साडी नेसवून, विग चढवून पुरुषालाच नायिकेच्या जागी घोड्यावर बसवलं जाई. ‘शोले’तल्या बसंतीच्या टांग्याची दौड आजही लोकांना पाठ आहे, पण त्या दौडीत हेमामालिनीच्या जागी जीव धोक्यात घालणाऱ्या रेश्मा पठाण यांचं नाव सर्वसामान्य प्रेक्षकाला कळायला चार दशकं लागली. ललिता पवार कामांच्या या वाटणीच्या आधीच्या पिढीतल्या, आणि त्यांच्या अभिनयात ती तिन्ही कामं अखेरपर्यंत एकत्र राहिली.

मग हा भाग विस्मरणात का गेला? चित्रपट हरवले हे कारण आहेच, पण तेवढंच नाही. मारधाडपट हा गिरणीकामगारांचा, जत्रेतल्या तंबूत बसणाऱ्यांचा करमणुकीचा प्रकार मानला गेला. सुशिक्षित समीक्षकांनी ‘प्रभात’ आणि ‘न्यू थिएटर्स’कडे पाहिलं. ते पाहण्यासारखं होतंच, पण बाकीच्यांची नोंद ठेवण्याची गरज त्यांना वाटली नाही. परिणामी एखाद्या नटीने सामाजिक चित्रपटात अश्रू ढाळले की ती अभिनेत्री ठरे, आणि तलवार चालवली की नुसती धाडसी. ललिताबाई त्या चौकटीत मावणाऱ्या नव्हत्या. १९३२च्या ‘कैलास’च्या निर्मितीत त्यांचा वाटा होता, आणि त्याच दशकात त्यांनी टॉलस्टॉयच्या ‘रिझरेक्शन’वर आधारलेला ‘दुनिया क्या है’ काढला. मास्टर विनायकांच्या ‘अमृत’मध्ये (१९४१) वि. स. खांडेकरांच्या कथेतली भूमिका त्यांनी केली. थप्पड बसण्याच्या आधीच त्या मारधाडीतून बाहेर पडून वेगळ्या भूमिकांकडे वळल्या होत्या, हे या तारखांवरून सरळ दिसतं.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे, की इजा झाली नसती तर त्या आणखी काही वर्षं नायिका राहिल्या असत्या. राहिल्या असत्या. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडणं, डोळ्याला कायमचं अधूपण येणं आणि दीर्घ उपचार हे सारं सव्विसाव्या वर्षी सोसावं लागलं. त्याची किंमत कमी लेखण्याचा अधिकार कुणालाही नाही. उलट मला तर वाटतं, या प्रसंगाला ‘नियतीचा खेळ’ म्हणणं हाच खरा अन्याय आहे. ती कामावर झालेली इजा होती. भगवान स्वतः मारधाडपटांतून आलेले, कुस्तीचा शौक असलेले, अत्यंत कमी पैशांत झटपट चित्रपट उरकणाऱ्या जगातले. त्या जगात मार खरा दिसावा म्हणून तो बऱ्याचदा खराच बसे, आणि त्याची भरपाई कुणी देत नसे. नशिबाची गोष्ट केली की कामाच्या पद्धतीचा प्रश्न मिटतो, आणि त्या पद्धतीचे इतर बळी तर नावानिशी उरतही नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे: तिरपा डोळाच त्यांना खलनायिका करून गेला, तेव्हा पुढची सगळी कारकीर्द त्या डोळ्याचीच म्हणायला हवी. पण पुरावा वेगळं सांगतो. ‘प्रभात’च्या ‘रामशास्त्री’त (१९४४) त्यांनी आनंदीबाई केली, शांतारामांच्या ‘दहेज’मध्ये (१९५०) छळणारी सासू केली, हे खरं. पण त्याच डोळ्याने ‘श्री ४२०’मधली केळी विकणारी गंगामाई पाहते, आणि ‘अनाडी’तली मिसेस डिसा पाहते. त्या रागावणाऱ्या, आतून विरघळणाऱ्या घरमालकिणीसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ‘मेम दीदी’त (१९६१) तर त्या वस्तीतल्या दादा लोकांना धाकात ठेवतात आणि चित्रपट स्वतःच्या खांद्यावर नेतात. डोळा सगळीकडे तोच, माणसं मात्र निराळी. बदलतं ते शरीर. उभं राहण्याची ढब, मान वळवण्याचा वेग, समोरच्याच्या अंगावर जाताना शेवटच्या पावलाला घेतलेला थांबा. हा थांबा ज्याने मारामारी केली आहे त्याला कळतो, कारण वार कधी आणि किती अंतरावरून करायचा हे चुकलं तर तिथे माणूस जखमी होतो. आवाजाचंही तसंच. माइकसमोर एका दमात गाणं पेलणाऱ्या बाईला श्वास कुठे राखायचा हे ठाऊक असतं. म्हणून त्यांचा कुजबुजता स्वरही शेवटच्या रांगेपर्यंत जातो. १९८७ मध्ये रामानंद सागरांच्या ‘रामायण’मध्ये सत्तरी ओलांडलेल्या ललिताबाईंनी मंथरा केली. कमरेत वाकून, काठीवर भार देऊन, प्रसंगामागून प्रसंग त्या एकाच आकृतीत राहिल्या. नुसत्या चेहऱ्यावर विसंबणाऱ्या नटीला या वयात हे साधत नाही.

एवढ्या थोड्या शिल्लक साहित्यावरून इतकं मोठं विधान करावं का, असंही कुणी विचारेल. हरवलेल्या चित्रपटांबद्दल खात्रीने काहीच बोलता येत नाही, हे मान्य. पण थपडेवरून निष्कर्ष काढणारे तरी तो कोणत्या पुराव्यावर काढतात? एका अपघातावरून साऱ्या आयुष्याचा अर्थ लावण्यापेक्षा, उरलेला मूकपट आणि नंतरचे शेकडो प्रसंग शेजारी ठेवून पाहणं कितीतरी अधिक भक्कम आहे. शिवाय हे काम कठीणही नाही. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंधला ललिताबाई गेल्या. ‘दिलेर जिगर’ही पुण्यातच जपलेला आहे, आणि पुण्याहून शिर्डीला रोज हजारो माणसं येतात. तो चित्रपट येवल्यात, कोपरगावात, शिर्डीत पडदा लावून आणि सोबतीला पेटी-तबल्याचे वादक बसवून दाखवता येईल. मूकपट तसाच पाहिला जात असे. या पट्ट्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने किंवा नगरपालिकेने संग्रहालयाकडे रीतसर मागणी करावी आणि पहिला खेळ १८ एप्रिलला लावावा.