विस्मृत तमिळ काव्याचा उद्धारक

भाषा प्राचीन असली म्हणजे तिचे प्राचीन वाङ्मय आपोआप टिकून राहते, असा समज भाषाभिमानी मंडळींत आढळतो. तो किती भ्रामक आहे, हे उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांच्या चरित्रावरून कळून येते. दोन हजार वर्षांची परंपरा सांगणाऱ्या तमिळचे आद्य काव्य एकोणिसाव्या शतकात खुद्द तमिळ पंडितांच्याच अभ्यासातून जवळजवळ लुप्त झाले होते. ते पुन्हा वाचकांच्या हाती आले, याचे फार मोठे श्रेय या शिक्षकाकडे जाते.

स्वामिनाथ अय्यर यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५५ रोजी कुंभकोणमजवळच्या एका खेड्यात झाला. वडील गायक, मिळकत बेताची. त्याच वर्षी तंजावरचे अखेरचे भोसले राजे शिवाजी निवर्तले आणि कवी-पंडितांचा एक मोठा राजाश्रय संपुष्टात आला. उरला तो मुख्यतः शैव मठांचा आणि जमीनदारांचा आधार. तिरुवावडुतुरै मठाच्या आश्रयाला असलेले महाविद्वान मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै (१८१५–१८७६) हे त्या काळचे अग्रगण्य कवी. क्षेत्रमाहात्म्यांसारखी पद्यरचना ते तोंडी सांगत आणि शिष्य ती लोखंडी लेखणीने ताडपत्रावर उतरवून घेत. स्वतः विपन्नावस्थेत असूनही विद्यार्थ्यांना पोटाशी धरणाऱ्या या गुरूकडे स्वामिनाथ १८७१ मध्ये आले आणि गुरूच्या अखेरच्या दिवसापर्यंत तेथेच राहिले.

१८८० मध्ये कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात त्यांची तमिळ पंडित म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात सेलम रामस्वामी मुदलियार या मुन्सफाशी त्यांची गाठ पडली. काय काय वाचले, असे मुदलियारांनी विचारताच तरुण पंडिताने पुराणांची आणि प्रबंधांची लांबलचक यादी सांगितली. ऐकणाऱ्यावर तिचा काहीच परिणाम झाला नाही. या ग्रंथांच्या पूर्वीचे ग्रंथ वाचले आहेत काय, हा पुढचा प्रश्न होता. ‘जीवक चिंतामणी’, ‘शिलप्पदिकारम्’, ‘मणिमेखलै’ ही नावे त्यांनी घेतली. त्या काळच्या सर्वश्रेष्ठ गुरूच्या या शिष्याने यांतले काहीही अभ्यासले नव्हते. परंपरेचे रक्षण करणाऱ्यांकडूनच परंपरेतील उत्तम ते निसटले होते. मुदलियारांनी ‘चिंतामणी’ची प्रत त्यांच्या हाती दिली आणि एका आयुष्याची दिशा पालटली.

‘चिंतामणी’ हे जैन महाकाव्य, तर अय्यर निष्ठावंत शैव. त्यातील पारिभाषिक शब्द मठाच्या विद्येने उलगडेनात. तेव्हा ते कुंभकोणमच्या जैन गृहस्थांकडे गेले. तेथे दाराला तोरण बांधलेले होते. चौकशी करता, त्याच दिवशी ‘चिंतामणी’च्या वाचनाची समाप्ती झाल्याचे समजले. पंडितांना अपरिचित झालेला ग्रंथ एका लहान समाजाच्या घरात पारायणाने जिवंत होता! पंथाभिमान आड येऊ न देता अय्यर त्यांच्याकडून शिकले आणि १८८७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

नच्चिनार्क्किनियर या टीकाकाराने आपल्या टीकेत जुन्या काव्यांतील उतारे ग्रंथनाम न देताच उद्धृत केले होते. त्यांचे मूळ शोधता शोधता अय्यर संघम काव्यापाशी पोहोचले. मग पोथ्यांसाठी गावोगाव भ्रमंती सुरू झाली. करिवलम्‌वंदनल्लूरच्या मंदिरातील जीर्ण पोथ्या अग्नीला अर्पण केल्याचे त्यांना ऐकावे लागले. धर्मबुद्धीनेच ग्रंथ नष्ट होत होते! जे वाचले त्यातून ‘पत्तुप्पाट्टु’ (१८८९), ‘शिलप्पदिकारम्’ (१८९२), ‘पुरनानूरु’ (१८९४), ‘मणिमेखलै’ (१८९८) हे ग्रंथ छापून झाले. या कामात ते एकटे नव्हते, जाफनाचे सी. वै. दामोदरम पिळ्ळै यांनी ‘कलित्तोगै’ १८८७ मध्येच प्रसिद्ध केले होते. परंतु पाठभेद, कवींची माहिती, प्रस्तावना आणि सूची यांनी सिद्ध केलेल्या अय्यरांच्या आवृत्त्यांनी संपादनाचा मानदंडच घालून दिला. प्रेम आणि युद्ध या मानवी विषयांवरील या कवितांनी तमिळ इतिहासाची कल्पनाही बदलली.

१९०३ मध्ये ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले. १९०६ मध्ये महामहोपाध्याय झाले. नव्या शोधाच्या अभिमानात त्यांनी गुरूला मात्र कमी लेखले नाही. १९३३-३४ मध्ये त्यांनी मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै यांचे दोन खंडी चरित्र लिहिले. ‘आनंद विकटन’ साप्ताहिकातून प्रसिद्ध होत असलेले त्यांचे आत्मचरित्र अपुरे राहिले आणि २८ एप्रिल १९४२ रोजी त्यांचा अंत झाला.

तमिळला २००४ मध्ये आणि मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तमिळच्या दाव्यामागे सरकारी ठरावाच्या शतकभर आधी झालेले हे संपादनकार्य उभे होते. मराठीकडेही पोथ्यांचे संचय आहेत. अय्यरांच्याच मुलखात, तंजावरच्या सरस्वती महालात मराठी हस्तलिखिते आणि मोडी दप्तरे आहेत. दर्जाचे उत्सव एका दिवसात उरकतात. दप्तरे उघडून, पाठ पडताळून, सूची करून ग्रंथ सिद्ध करण्यास मात्र आयुष्य वेचावे लागते. अशी आयुष्ये वेचणाऱ्यांची जो समाज कदर करील, त्यालाच आपल्या भाषेच्या प्राचीनतेचा अभिमान शोभेल.